यंत्र नेमके चालते कसे, हे दाखवणारे कौटुंबिक चित्रपट सुचवा

वाचनालयवाली_ताई (बेळगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. बेळगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात आम्ही काही जणी मिळून एक लहानसे वाचनालय चालवतो. दसऱ्याच्या सुट्टीत शाळा बंद असतात, भात नुकतेच निसवत असते आणि सुगीला अवकाश असतो, त्यामुळे मुलांना वेळ असतो आणि मोठ्यांनाही थोडी उसंत मिळते. या सुट्टीतल्या तीन शनिवारी संध्याकाळी, शोध लावणारी माणसे आणि त्यांची यंत्रे या विषयावरचे चित्रपट दाखवायचे आम्ही ठरवले आहे. प्रोजेक्टर गणेशोत्सव मंडळाचा आहे आणि पडद्यासाठी मागच्या भिंतीला चुना दिला आहे. आठ ते चौदा वयाची तीसएक मुले येतील आणि त्यांच्या पाठोपाठ आजी-आजोबाही येतील, हे नक्की.

गेल्या वर्षी आम्ही असाच एक चित्रपट दाखवला होता. त्यात उभ्या केसांचा एक विक्षिप्त शास्त्रज्ञ होता, प्रयोगशाळेत रंगीत पाणी उकळत होते आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी फुटत होते. मुले खूश झाली. चित्रपट संपल्यावर मी सहज विचारले की ते यंत्र चालत कसे होते, तेव्हा सहावीतला एक मुलगा अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘बटण दाबल्यावर.’ त्याचे काहीच चुकले नव्हते, कारण चित्रपटाने त्याला तेवढेच दाखवले होते.

म्हणून या वेळी मला असे चित्रपट हवे आहेत, ज्यांत वस्तू हाताने घडताना दिसते, ती दोन-चार वेळा बिघडते आणि का बिघडली हे पाहणाऱ्याला समजते. दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. आमच्याकडची काही मुले मराठी शाळेत जातात, काही कन्नड शाळेत आणि थोडी इंग्रजी शाळेत. खाली धावणारी इंग्रजी अक्षरे तिसरी-चौथीच्या मुलांना वाचता येत नाहीत. दुसरे म्हणजे येणाऱ्यांत मुली जास्त आहेत आणि प्रत्येक गोष्टीत बाबा यंत्र करणार व आई कंदील धरून उभी राहणार, हे पाहून त्या आता कंटाळल्या आहेत. तसे त्यांनीच मला सुनावले आहे.

निपाणीचे_गुरुजी

ताई, तुमची ‘बटणाची कसोटी’ मला फार पटली. मी पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि तीच कसोटी मनाशी लावून हे उत्तर लिहीत आहे.

माझी पहिली पसंती ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ या 2019 च्या चित्रपटाला आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बा या मुलाची ही खरी हकिगत आहे. 2001-02 च्या दुष्काळात घरात खायला धान्य उरले नाही, फी भरता आली नाही म्हणून त्याची शाळा सुटली. पण वाचनालयात जाणे त्याने सोडले नाही आणि तिथल्या ऊर्जेविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकातली चित्रे पाहून त्याने पवनचक्की उभी केली. तुमचा कार्यक्रम वाचनालयातच होणार आहे, तेव्हा यापेक्षा समर्पक चित्रपट मिळणे कठीण आहे.

त्याच्या पवनचक्कीतला प्रत्येक भाग आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. भंगारातल्या ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचे चाक आणि साखळी, सायकलच्या दिव्याचा डायनॅमो, उंचीसाठी निलगिरीचे सरळसोट वासे. पाती त्याने पाण्याच्या प्लॅस्टिक नळापासून केली होती. नळ उभा चिरून विस्तवावर धरला की मऊ पडतो आणि मग दाबून सपाट करता येतो. आमच्या भागात बोअरवेलच्या नळांचे तुकडे प्रत्येक गोठ्यामागे पडलेले असतात, त्यामुळे हे कळायला मुलांना कोणताही अनुवाद लागणार नाही. पंखा फिरतो, साखळी चाक फिरवते, चाकाला टेकलेला डायनॅमो फिरतो आणि वीज तयार होते, ही सगळी साखळी पडद्यावर उघडी दिसते. बटण कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगा. चित्रपटाच्या शेवटी पवनचक्कीमुळे शेताला पाणी मिळते आणि पीक उभे राहते. प्रत्यक्षात त्याच्या पहिल्या पवनचक्कीवर घरातले चार दिवे आणि दोन रेडिओ चालत. पाणी उपसण्याचे काम त्याने पुढे वेगळ्या यंत्रावर केले. दोन टप्पे एकत्र केल्याने गोष्ट रंगतदार झाली असली, तरी माझ्या मते चार दिव्यांची हकिगतही तितकीच मोठी आहे. रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केलेले आजोबा तुमच्या प्रेक्षकांत असतीलच. त्यांना विचारून पाहा.

चित्रपट जवळजवळ दोन तासांचा आहे आणि त्यातली उपासमार खरीखुरी वाटते. भुकेने कुत्रा मरतो आणि गावच्या प्रमुखाला मारहाण होते, हे प्रसंग आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जड जातील. माझा सल्ला असा की लहानांना सुरुवातीपासून बसवू नये. पवनचक्की उभी राहते तो भाग त्यांना स्वतंत्र दाखवावा आणि मधली गोष्ट तुम्ही तोंडी सांगावी. त्याने भाषेचाही प्रश्न सुटेल.

दुसरा चित्रपट ‘ऑक्टोबर स्काय’, 1999 चा. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तो पाहून अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीच्या गावातली चार पोरे अग्निबाण करू लागतात. एकामागून एक अग्निबाण आडवे जातात, फुटतात, कुंपण उडवतात. रानाला लागलेल्या आगीचा आळ त्यांच्यावर येतो, तेव्हा आपला अग्निबाण नेमका कुठे पडला असेल हे ती गणिताने काढतात आणि तो तिथून शोधून आणतात. ‘या त्रिकोणमितीचा उपयोग काय?’ या प्रश्नाला मी वर्गात जितकी उत्तरे दिली, त्या सगळ्यांपेक्षा ते दहा मिनिटांचे दृश्य परिणामकारक आहे. मात्र हा चित्रपट दिवाळी उलटून गेल्यावर दाखवा. फटाक्यांची दारू काढून नळीत भरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या एकाच्या भुवया परत यायला दोन महिने लागले होते.

विमानप्रेमी

‘हवाईजादा’ कोणीच सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटले. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले होते, राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी. आपल्या मराठी माणसाचा शोध मुलांना दाखवायला नको का?

निपाणीचे_गुरुजी

तुमची भावना मी समजू शकतो, पण हा 2015 चा चित्रपट मी जाणूनबुजून वगळला होता. तळपदे हे खरे गृहस्थ होते, मुंबईच्या कला शाळेशी त्यांचा संबंध होता आणि त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, इथपर्यंत ठीक आहे. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा या कथेशी संबंध जोडला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी 1974 मध्ये केला. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

राईट बंधूंचे पहिले उड्डाण 17 डिसेंबर 1903 रोजी झाले. ते अवघे 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे होते. पण त्याचे छायाचित्र आहे आणि आधीच्या फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदीही आहेत. चित्रपट म्हणून ‘हवाईजादा’ घरी जरूर पाहावा, गाणी आहेत, देखावे आहेत. पण ताईंनी विचारले आहे की यंत्र कसे चालते, आणि त्याचे उत्तर त्या चित्रपटाजवळ नाही. मराठी माणूसच हवा असेल तर छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्रांवर आयुष्य घालवलेले शंकर आबाजी भिसे आहेत; त्यांच्यावर मात्र कोणी चित्रपट काढत नाही.

उद्यमबागकर

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न (ज्यांवरून ओतायचा साचा उठवतात ते नमुने) बनवतो, त्यामुळे माझे मत थोडे कारागिराचे आहे, सांभाळून घ्यावे.

संशोधकांवरच्या बहुतेक चित्रपटांत मला एक गोष्ट खटकते. नायक रात्रभर जागून कागदावर रेघोट्या मारतो, सकाळी त्याचे डोळे चमकतात आणि पुढच्याच दृश्यात यंत्र तयार असते. मधले सहा महिने कुठे गेले? कागदावरचा भाग लोखंडात उतरवताना काय होते, ते आम्हाला विचारा. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस साच्यात ओतल्यावर थंड होताना आकसतो, म्हणून आमच्या हातातली मोजपट्टीच मुळात खोटी असते; एका मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर जास्त लांबीची. हे नव्या पोराला कळेपर्यंत त्याचे दोन-तीन जॉब लहान भरतात. साच्यात वाफ अडकली तर ओतीवात भोके पडतात, आणि ती पुष्कळदा वरून दिसतही नाहीत. लेथवर कातताना तिसऱ्या फेरीला उघडी पडतात. तोवरची सगळी मेहनत वाया. हे नाट्य नाही, असे कोणी म्हणू नये.

या दृष्टीने पाहिले तर आपल्या भाषेत ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा 2009 चा चित्रपट फार चांगला आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, याची ती हसतखेळत सांगितलेली गोष्ट आहे. फाळक्यांनी कॅमेऱ्याचा शोध लावला नव्हता, तेव्हा ते संशोधक कसे, असे कोणी विचारील. पण 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर तो इथल्या उन्हात, इथल्या माणसांना घेऊन, घरातल्या स्वयंपाकघराशेजारी कसा चालवायचा, हे सगळे त्यांना स्वतःच शोधावे लागले. कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत, ती अंधारात हाताने पाडावी लागत आणि ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. ताई, इथे आई कंदील धरून उभी नाही, हे तुमच्या मुलींना मुद्दाम दाखवा. भोकांमधले अंतर जरा चुकले की पडद्यावरचे चित्र थरथरते, म्हणजे सगळा चित्रपट त्या बाईंच्या बोटांवर उभा होता.

भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. मुलांना हे घरी करून पाहता येईल.

फाळके नाशिक-मुंबईकडचे झाले. आपल्या अगदी शेजारी, कोल्हापुरात, बाबुराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास स्वतःचा कॅमेराच तयार केला, आणि त्याच कॅमेऱ्यावर पुढे 1920 चा ‘सैरंध्री’ निघाला. आधी प्रोजेक्टर खोलून त्यातली चाके, दाते आणि झडप कशी चालते हे त्यांनी समजून घेतले; दामल्यांसारखे साथीदार हाताशी होते. सुतार-मिस्त्री घराण्यातला माणूस, लेथवर भाग कातून कॅमेरा बनवतो आणि त्यानेच चित्रपट काढतो, यापेक्षा वेगळी पटकथा ती कोणती हवी? पण या विषयावर मुलांना दाखवता येईल असा एकही कथापट मला माहीत नाही.

आणि आता खुद्द बेळगाव. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली. मग यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले, तेच शिकवू लागले. 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान निघाले. पुढे कडबा कापायचे यंत्र आले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर कारखाना हलला आणि ती किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडे फक्त रस्त्याचे नाव उरले. मी रोज किर्लोस्कर रोडवरून जातो आणि प्रत्येक वेळी वाटते, की बैल, लोखंडी नांगर आणि तो घ्यायला तयार नसलेला शेतकरी, एवढ्या तीन पात्रांवर दोन तासांचा सुंदर चित्रपट होईल. कोणी काढत असेल तर नांगराचा पॅटर्न मी फुकट करून देतो.

खानापूरची_आई

भाषेच्या अडचणीवर एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे मूकपट. माझ्या दोन मुलांपैकी एक कन्नड शाळेत आहे आणि एक मराठी. घरात शांतता राहावी म्हणून मी हा मार्ग शोधला.

बस्टर कीटनचा ‘द स्केअरक्रो’ हा 1920 चा छोटा चित्रपट वीस मिनिटांच्या आतला आहे. दोन मित्र एका खोलीच्या घरात राहतात आणि त्या खोलीतली प्रत्येक वस्तू दोन-दोन कामे करते. ग्रामोफोनची पेटी उघडली की आत शेगडी, पुस्तकांचे कपाट उघडले की आत थंड पेटी. जेवताना मीठ, मिरपूड आणि इतर बाटल्या छताला दोऱ्यांनी टांगलेल्या असतात. एकाने ओढून सोडली की झोका घेत ती दुसऱ्याच्या हातात जाते. एकही शब्द नाही, आणि दोरी, कप्पी, वजन हे सगळे डोळ्यांसमोर. आमच्या घरी हा चित्रपट पाहिल्यानंतर आठवडाभर मिठाचा डबा तुळईला लटकत होता.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांचा चंद्रावर जाण्याचा 1902 चा मूकपटही पाऊण तासाचा वाटतो, इतका भरलेला आहे, प्रत्यक्षात तो पंधरा मिनिटांच्या आसपासचा आहे. मुलांना आधी तो दाखवा आणि मग मोठ्या मुलांना ‘ह्यूगो’ हा 2011 चा चित्रपट. त्यात हेच मेलिएस उतारवयात पॅरिसच्या रेल्वे स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवताना भेटतात, आणि तसे ते खरोखरच चालवत होते. लिहिणारा यांत्रिक पुतळा दुरुस्त करण्याची त्यातली गोष्ट कल्पित असली, तरी पुतळ्याच्या पोटातली दातेरी चाके मुले श्वास रोखून पाहतात.

लहानांसाठी वॉलेस आणि ग्रोमिट या जोडगोळीचा ‘द राँग ट्राउझर्स’, 1993 चा, अर्ध्या तासाचा. वॉलेस बोलतो, पण ग्रोमिट नावाचा कुत्रा अवाक्षर बोलत नाही आणि खरे काम तोच करतो. (घरोघरी हेच आहे, असे आमच्या सासूबाई म्हणाल्या.) सगळी पात्रे मळलेल्या मातीसारख्या पदार्थाची आहेत, हात तसूभर हलवायचा, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचा. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चित्रे लागतात. आमचे खानापूर मातीकामाचे गाव, इथल्या मुलांना मातीचा प्राणी करायला शिकवावे लागत नाही. मोबाईलवर त्याला चालवायला मात्र दोन दिवस लागले.

मुलींसाठी ‘टेम्पल ग्रँडिन’ हा 2010 चा चित्रपट पाहून ठेवा, मात्र तो बाराच्या पुढच्यांसाठी. ही बाई हयात आहे. तिला ऑटिझम आहे. गुरे कशाने बुजतात, हे तिने गुरांच्या नजरेच्या पातळीवर जाऊन पाहिले. कुंपणावर लटकलेली साखळी, जमिनीवर पडलेली सावली, एवढ्याने जनावर थबकते. मग तिने गुरे नेण्यासाठी वळणदार वाटा आखल्या. शेवट कत्तलखान्याशी जोडलेला आहे, त्यामुळे काही घरांत तो चालणार नाही, हे आधीच सांगते. पण गोठ्यात बैल का अडतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्या मुलींना ही बाई चटकन आपली वाटेल.

एक व्यवहाराची गोष्ट. मोबाईलवरच्या चित्रपट-सेवांची वर्गणी घरच्या वापरासाठी असते. वाचनालयात सर्वांसमोर दाखवायचे असेल तर परवानगीची चौकशी करा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे असतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटांची ती काळजी नाही.

उद्यमबागकर

मिठाच्या डब्याची कल्पना उत्तम आहे. कप्पीला जुनी दोऱ्याची रिळे वापरा, फिरती राहतात.

वाचनालयवाली_ताई (बेळगाव तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दसरा होऊन गेला आहे, तेव्हा काय झाले ते कळवते.

परवानगीच्या कारणाने पहिल्या शनिवारी आम्ही मूकपटच दाखवले. ‘द स्केअरक्रो’ मुलांच्या आग्रहावरून तीनदा लावावा लागला. तिसऱ्या वेळी सातवीतल्या एका मुलीने मध्येच थांबवायला सांगितले आणि विचारले, की बाटली बरोबर त्याच्या हातापाशीच कशी थांबते, पुढे कशी जात नाही? मग दोरीची लांबी आणि झोका यांवर अर्धा तास गेला. गुरुजी, तुमची फार आठवण झाली. विल्यमची गोष्ट मी पुस्तकावरून तोंडी सांगितली आणि सायकल उलटी ठेवून, पेडल हाताने फिरवून, डायनॅमोवर दिवा लावून दाखवला. आजोबा मंडळींपैकी एकाने लगेच सांगितले, की रात्री बेळगावहून परतताना डायनॅमो लावला की सायकल जड जायची, म्हणून ते चढाला दिवा बंद करत. प्रकाश फुकट मिळत नाही, हे मुलांना माझ्या बोलण्यापेक्षा त्यातून लवकर कळले. प्रत्येकाने पेडल फिरवून तो जडपणा हाताने पाहिला.

पण मला सांगायचे आहे ते वाटाण्याच्या रोपाचे. नवरात्र सुरूच होणार होते, तेव्हा वाटाण्याऐवजी घटातले धानच का टिपू नये, असे मुलींनी सुचवले. आमच्या शेजारच्या आजींनी परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या: घटाला हात लावायचा नाही आणि तो जागचा हलवायचा नाही. आम्हाला तेच हवे होते. समोर दोन विटांवर मोबाईल ठेवून दिवसातून सहा छायाचित्रे घ्यायची, असे नऊ दिवसांत चोपन्न चित्रे, आणि सेकंदाला बारा चित्रे धरली तर साडेचार सेकंदांचा चित्रपट होणार, हा हिशेब मुलींनी घटस्थापनेलाच फळ्यावर मांडला.

तो साडेचार सेकंदांचा चित्रपट आम्ही शेवटच्या शनिवारी भिंतीवर दाखवला. पहिला दीड सेकंद काळी माती तशीच राहते. मग ती फुगते, तडकते, पांढरी टोके दिसतात आणि एकाएकी सगळे धान उजव्या बाजूला उडी मारून परत वाढू लागते. मुले हसली. आजी मात्र रागावल्या, कारण घट हलला असे सर्वांना वाटले. मुलींनी चित्रे एकेक करून तपासली, तेव्हा घटामागची भिंतीवरची खिळ्याची भोकेही तितकीच सरकलेली दिसली. म्हणजे घट जागेवरच होता, मोबाईल सरकला होता. पाचव्या दिवशी मोबाईलखालची एक वीट पाण्याच्या पिंपाला टेकू द्यायला कोणीतरी नेली होती आणि तिच्या जागी दुसरी ठेवली होती. कोणी नेली, ते आजींनी अजून कबूल केलेले नाही. त्याशिवाय दोन संध्याकाळी वीज गेल्यामुळे काही चित्रे समईच्या उजेडातली आहेत, ती पिवळी दिसतात. ती काढून टाकावीत असे मला वाटत होते, पण मुलींनी ठेवली. वीज कधी गेली होती ते त्यावरून कळते, असे त्यांचे म्हणणे आहे.

उद्यमबागकर दादा, आता त्यांना पुन्हा करायचे आहे, या वेळी कुंडीतल्या वाटाण्यावर आणि महिनाभर. विटांऐवजी भिंतीला स्क्रूने बसवता येईल असा लाकडी स्टँड हवा आहे. सहावीतल्या त्या ‘बटण’वाल्या मुलाने त्याचे चित्र काढले आहे, मापांसह, पण मोबाईल त्यात कुठल्या बाजूने सरकवायचा, ते त्याला सुटलेले नाही.

उद्यमबागकर

चित्र पाठवा. आणि त्याला विचारा की त्याने मोबाईलचे माप कव्हरसह घेतले आहे की कव्हराशिवाय.

वाचनालयवाली_ताई (बेळगाव तालुका)

कव्हराशिवाय. त्याने कपाळावर हात मारला आहे आणि पट्टी आणायला गेला आहे.